स्पंजी पतंग

स्पंजी पतंग : लेपिडॉप्टेरा गणाच्या एरेबिडी कुलातील, ओक वृक्षांच्या वनांस अत्यंत उपद्रवी असलेला पतंग. याचे शास्त्रीय नाव लायमँट्रिया डिस्पार असे आहे. यूरोप, आशियाचा समशीतोष्ण भाग व उत्तर आफ्रिका हे त्याचे मूलस्थान असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो माणसाच्या हातून उत्तर अमेरिकेत गेला. पूर्वी त्यास ‘जिप्सी पतंग’ म्हणत. परंतु हे नाव रोमा लोकांस अवमानकारक असल्याने अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये ते वगळले व अंड्यांच्या स्पंजासारख्या दिसणाऱ्या पुंजावरून २०२२ मध्ये सध्याचे नाव स्वीकारले.

नर करडा-तपकिरी, तर मादी पांढरट व आकारमानाने मोठी असते. लॅटिन भाषेत ‘डिस्पार’ याचा अर्थ असमान असा आहे. यूरोपीय प्रकारातील मादीला पंख असूनही उडता येत नाही. उन्हाळ्यात ती झाडाची साल, दगड, कुंपण, वाहनाचा तळ अशा मिळेल त्या आडोशाच्या जागी शेकडो अंडी घालते आणि आपल्या उदरावरील पिवळसर केसांनी ती झाकते. वर्षातील आठ-नऊ महिने अंड्याच्या अवस्थेतच जातात. वसंत ऋतूत ओकला पालवी फुटण्याच्या सुमारास सुरवंट बाहेर पडतात. लहान सुरवंट रेशमी धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर आसपासच्या झाडांवर जातात. मोठ्या सुरवंटाच्या पाठीवर निळ्या ठिपक्यांच्या पाच व त्यामागे लाल ठिपक्यांच्या सहा जोड्या असतात. संख्या विरळ असेतोवर ते रात्री खातात व दिवसा सालीच्या फटींत दडून राहतात. दाटी झाली की मात्र अहोरात्र खात सुटतात. त्यांना ३०० हून अधिक जातींच्या वनस्पती चालतात, पण ओक विशेष प्रिय.

प्रसार : एत्येन लेओपोल त्रूव्हलो हे फ्रेंच गृहस्थ बॉस्टनजवळील मेडफर्ड येथे राहत. तेथील एका रानटी पतंगापासून रेशीम काढण्याचे त्यांचे प्रयोग चालू होते. हा पतंग अँथेरिया या प्रजातीतील, म्हणजे विदर्भातील तसर रेशीम देणाऱ्या पतंगाचा सगोत्र होय. १८६८ किंवा १८६९ मध्ये त्यांनी यूरोपातून लायमँट्रिया डिस्पार आणला व त्यातील काही निसटले. त्रूव्हलो पुढे खगोलशास्त्राकडे वळले आणि ग्रह-ताऱ्यांच्या सुंदर चित्रांमुळे नावाजले. १८८२ मध्ये ते फ्रान्सला परतले. कीटक मागे राहिला.

सुरुवातीला कोणाचे लक्ष गेले नाही. १८८९ मध्ये मात्र मेडफर्डमधील झाडे निष्पर्ण झाली व रस्ते, भिंती, घरे सुरवंटांनी भरून गेली. मॅसॅचूसेट्स राज्याने १८९० पासून निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. अंडीपुंज हाताने शोधून नष्ट करणे, झाडांना गोणपाटाच्या पट्ट्या बांधून त्यांखाली दडलेले सुरवंट मारणे असे कष्टाचे उपाय तीत होते. लेड आर्सेनेट हे कीटकनाशकही याच मोहिमेतून पुढे आले. दहा वर्षांत उपद्रव इतका कमी झाला, की आता खर्चाची गरज नाही असे समजून १९०० मध्ये राज्याने मोहीम थांबविली. काही वर्षांतच पतंग पूर्वीपेक्षा कितीतरी विस्तृत प्रदेशात पसरला आणि समूळ उच्चाटनाची संधी गेली. यशामुळेच मोहीम बुडाली, असे म्हणावे लागते.

१९१६ ते १९६५ या काळात प्रसाराचा वेग वर्षाला सु. ३ किमी. होता, १९६६ ते १९८९ मध्ये तो सु. २१ किमी. झाला. न उडणाऱ्या मादीचे व वाऱ्यावर जेमतेम पलीकडच्या झाडापर्यंत जाणाऱ्या सुरवंटांचे हे काम नव्हे. जळाऊ लाकूड, रोपे, घरसामान व सहलीची वाहने यांना चिकटलेल्या अंडीपुंजांनी हे अंतर कापले. १९८१ मध्ये अ. सं. सं.च्या ईशान्य भागात सु. ५२ लाख हेक्टर वन निष्पर्ण झाले.

वनावरील परिणाम : निरोगी ओकला एकदा पाने गेल्यावर त्याच हंगामात पुन्हा पालवी फुटते; पण त्यासाठी साठविलेले अन्न खर्च होते. लागोपाठ दोन-तीन वर्षे असे घडले व त्यात अवर्षण पडले, तर क्षीण झाडावर आर्मिलेरिया कवक व खोड पोखरणारे भुंगेरे हल्ला करतात आणि ते मरते. ओकची फळेही धरत नाहीत. ही फळे खाणारे उंदीर पतंगाच्या कोशांचेही भक्षक असल्याने त्यांची संख्या घटली, की पतंगावरील एक मोठा अंकुश जातो.

नियंत्रण : १९०५ नंतर यूरोप व जपानमधून नैसर्गिक शत्रू आणण्यात आले. त्यांपैकी कॉम्प्सिल्यूरा कॉन्सिनाटा ही परजीवी माशी शंभराहून अधिक जातींच्या कीटकांवर जगते. सेक्रोपियासारखे मोठे देशी रेशीम-पतंग ईशान्य भागात विरळ होण्यास ती कारणीभूत ठरल्याचे दिसते. म्हणजे परका कीटक आवरण्यासाठी आणलेला दुसरा परका कीटकही डोईजड झाला. १९५० नंतर विमानांतून झालेल्या डीडीटीच्या फवारणीने पक्षी व मासे मेले. रेचेल कार्सन यांच्या सायलेंट स्प्रिंग (१९६२) या ग्रंथात तिच्यावर कठोर टीका आहे. नंतर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे सूक्ष्मजंतू व खास या कीटकावरील विषाणू यांचा वापर सुरू झाला. १९८९ मध्ये एंटोमोफॅगा मैमैगा हे मूळचे जपानी कवक अमेरिकेतील सुरवंटांत आढळले. पाऊस चांगला असलेल्या वसंतात ते सुरवंटांचा फडशा पाडते. कोरड्या वर्षांत ते निष्प्रभ होते. मॅसॅचूसेट्समध्ये २०१६ च्या सुमारास उद्‌भवलेल्या प्रकोपाचे हेच कारण होय.

मादीचा गंध रसायनशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ओळखला. तो कृत्रिम रीत्या पसरला असता नरास मादी सापडत नाही व विरळ वसाहत आपोआप नष्ट होते. प्रसाराच्या सीमेवर, जेथे पतंग थोडे असतात तेथे, ही पद्धती सर्वाधिक परिणामकारक ठरली आहे. आशियाई प्रकारातील मादी उडू शकते. म्हणून पूर्व आशियाई बंदरांतून येणाऱ्या जहाजांवर अंडीपुंज शोधले जातात.

भारतात याच प्रजातीतील लायमँट्रिया ऑब्फस्काटा ही जात काश्मीर व हिमाचल प्रदेशात ओक, विलो व सफरचंद यांवर आढळते. ती देशी असून तिच्या मादीचे पंख खुरटलेले असतात.