द्रवातील चंचल नाती

रसायनशास्त्राच्या दप्तरात बळकट बंधांची नोंद चोख आहे. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना एका रेणूत जखडणारा बंध तोडावयाचा तर दर ग्रॅम-रेणूस सुमारे 110 किलोकॅलरी ऊर्जा खर्ची पडते. परंतु एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जाऊन जो हायड्रोजन बंध जुळतो, त्याची मातबरी अवघी 5 किलोकॅलरींच्या आसपास. द्रवात तो बहुधा अब्जांश सेकंदही टिकत नाही. अशा चंचल नात्याची जबानी घ्यावी कशी?

ती घेण्याचे साधन अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या रूपाने हाती आले. 1951 साली स्टॅनफर्ड येथे आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी एथिल अल्कोहोल प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले, तेव्हा त्याच्या हायड्रोजनांनी एकच संकेत न देता 3:2:1 या प्रमाणात तीन शिखरे उमटविली. कारण प्रत्येक केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनी आवरण कमीअधिक दाट असते आणि बाह्य क्षेत्राला तितक्याच प्रमाणात अडविते. (यांतील धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि हे शास्त्र त्यांनी येथे रुजविले.)

या तिहींपैकी ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनाचे शिखर मात्र तापमानागणिक जागा बदलीत होते, आणि या फेरफाराचे मूळ हायड्रोजन बंधात आहे असा उलगडा लिडेल आणि रॅम्झी यांनी त्याच वर्षी केला. शुद्ध अल्कोहोलात ते संदर्भसंकेतापासून सुमारे 5 दशलक्षांशांवर दिसते. कार्बन टेट्राक्लोराइड घालून विद्राव विरळ करीत गेले, की रेणू एकमेकांपासून दुरावतात आणि शिखर 1 च्याही खाली उतरते. कार्बनला जडलेल्या तीन हायड्रोजनांचे, म्हणजे मेथिल गटाचे, शिखर मात्र जागचे जवळजवळ हलत नाही.

येथे उपकरणाचा मंदपणाच कामी येतो, असे मला वाटते. बद्ध आणि मुक्त अवस्था त्याला वेगळ्या दिसण्याइतका वेळ रेणू देतच नाहीत, म्हणून दोहोंची सरासरी एकाच शिखराच्या जागेत उतरते. निरनिराळ्या संहतींवर ती जागा मोजून, किती रेणू बांधलेले आणि किती मोकळे, याचा हिशेब मांडता येतो. अल्कोहोलाच्या बाबतीत मात्र जोड्या, त्रिकुटे आणि लांब साखळ्या यांची अशी सरमिसळ असते, की एकाच आलेखाशी अनेक तर्क जुळतात; शिवाय विद्रावकात पाण्याचा अंश राहिला तर सारेच आकडे बिघडतात.

म्हणून संशोधक क्लोरोफॉर्मकडे वळले, ज्याच्या रेणूत हायड्रोजन एकच. ॲसिटोनमध्ये त्याचे शिखर अपेक्षेप्रमाणे हायड्रोजन बंधाच्या दिशेने सरकते, पण बेंझिनमध्ये नेमके उलट! आकर्षण तेथेही आहेच; मात्र बेंझिनच्या वलयातील फिरत्या इलेक्ट्रॉनांमुळे वलयाच्या वर आणि खाली क्षेत्र क्षीण होते. त्या उलट्या सरकण्यावरूनच अनुमान निघाले, की क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन वलयाच्या कडेला नसून त्याच्या मध्याकडे, सपाट बाजूने रोखलेला असतो.