पॅरडी आणि सॅटायर यांत नेमका फरक काय? एका प्रश्नात ओळखा

गाजलेल्या गाण्याचे शब्द बदलून कुणीतरी रील टाकतं. खाली एक जण लिहितो, 'भारी पॅरडी!', दुसरा म्हणतो, 'काय सॅटायर आहे!' मराठीत तर आपण दोन्हीला सर्रास 'विडंबन' म्हणून मोकळे होतो. पण हे दोन शब्द वेगळे आहेत. अमेरिकेत याच फरकावर कोर्टाचे निकाल अवलंबून राहिलेत.

पॅरडी म्हणजे काय?

एखाद्या कलाकृतीची किंवा शैलीची नक्कल करून तिचीच खिल्ली उडवणं म्हणजे पॅरडी. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' (१९२५) हा संग्रह याचं उत्तम उदाहरण. तेव्हाच्या कवींच्या शैलीत लिहून अत्र्यांनी त्याच कवितेची टर उडवली. मूळ कविता माहीत नसेल तर यातली अर्धी गंमत हुकते.

मग सॅटायर?

सॅटायरचा निशाणा असतो समाज, सत्ता किंवा माणसांचा ढोंगीपणा. त्यासाठी नक्कल लागतेच असं नाही. जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये अगदी गंभीरपणे सुचवलं, की आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत! टोला होता गरिबांबद्दलच्या बेपर्वाईला.

कोर्टात काय झालं?

'टू लाइव्ह क्रू' या रॅप ग्रुपने रॉय ऑर्बिसनच्या 'ओह, प्रिटी वुमन' गाण्याची टिंगल करणारं गाणं केलं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पॅरडीला मूळ कलाकृतीतून काही घ्यावंच लागतं, त्यामुळे पैसे कमावणारी पॅरडीही 'फेअर यूज' ठरू शकते. सॅटायर मात्र स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं. मग दुसऱ्याचं का उचललं, याचं कारण त्याला द्यावं लागतं.

१९९७ मध्ये हाच मुद्दा एका पुस्तकाला भोवला. त्यात डॉ. सूस यांच्या 'द कॅट इन द हॅट'च्या शैलीत ओ. जे. सिम्पसन खून खटल्याची गोष्ट सांगितली होती. टोमणा सिम्पसन प्रकरणाला आणि शैली मात्र सूस यांची, म्हणून कोर्टाने पुस्तकावरची बंदी कायम ठेवली.

भारतात काय?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी सवलत आहे, पण 'पॅरडी' हा शब्द नाही. म्हणजे कॅप्शनमध्ये 'पॅरडी' लिहिलं की आपण सुटलो, असं समजू नका.

ओळखायचं कसं?

एकच प्रश्न विचारा: हसतोय कुणाला? ज्याची नक्कल केली त्यालाच हसत असू, तर पॅरडी. नक्कल एकाची आणि टोला दुसऱ्याला, तर सॅटायर. कधी एकाच रीलमध्ये दोन्ही असतं. पण रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलण्यासाठी कुणाची चाल उचलणार असाल, तर आधी विचार करा: हे त्या गाण्याशिवाय सांगता येणार नाही का?