पहाटेची हवा, केळी आणि बलून

पौषातल्या पहाटे भुसावळहून वरणगावकडे निघालं, की दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसतात. उजाडायच्या बेताला त्यांचा धूर थोडा वर चढतो आणि वरून कुणी हात दाबून धरल्यासारखा आडवा होतो. मग लांबच लांब पट्टा होऊन तो एकाच उंचीवर तरंगत राहतो. नऊच्या सुमाराला ऊन तापलं, की पट्टा विस्कटतो आणि धूर वरखाली हेलकावे खाऊ लागतो. हा धूर मी लहानपणापासून बघत आलो. त्यात काय लिहिलेलं असतं, ते कळलं मात्र गरम हवेच्या बलूनबद्दल वाचायला लागल्यावर.

एरवी जसजसं वर जावं तसतशी हवा गार होत जाते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री मात्र जमीन आपली ऊब आभाळात सोडून देते, स्वतः थंड पडते आणि अंगालगतच्या हवेलाही थंड करते. वरची हवा त्या मानाने उबदार राहते. गार हवा जड, म्हणून ती खालीच बसून राहते. सातपुड्याच्या उतारावरची गार हवाही ओघळत तापीकाठच्या सखल भागाकडे येते. अशा वेळी वाऱ्याची झुळूकसुद्धा नसते.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला नेमकी हीच रात्र नको असते. पारा दहाच्या खाली गेला, की केळीची वाढ खुंटते, नवं पान बाहेर पडायला अडतं, निसवणीला आलेला घड अडकतो. म्हणून शेतकरी रात्री बागेला पाणी देतो आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. बलून उडवणारा मात्र अशाच रात्रीची वाट बघत असतो. थंड, निरभ्र आणि निवांत पहाट त्याला अशाच रात्रीनंतर मिळते.

कारण बलूनला सुकाणू नसतं. वैमानिकाच्या हातात दोनच गोष्टी असतात: बर्नर पेटवून वर जाणं आणि हवा निवू देऊन किंवा माथ्यावरची झडप उघडून खाली येणं. आडवं कुठे जायचं, ते वारा ठरवतो. पण वारा सगळ्या उंचीवर सारखा नसतो. जमिनीलगत तो उत्तरेकडून येत असेल, तर दोनशे मीटरवर पश्चिमेकडून येत असू शकतो. हे थर ओळखायचे आणि हवा तो थर गाठायचा, हीच या वैमानिकाची विद्या. त्यासाठी उड्डाणाआधी अंधारातच एक छोटा रबरी फुगा सोडतात. माना वर करून सगळे त्याच्याकडे बघत असतात. तो सरळ वर जातो, मग एका उंचीवर अचानक वळतो आणि झपाट्याने दूर जाऊ लागतो. त्या एका वळणावरून त्या दिवशी उडायचं की सामान पुन्हा गाडीत भरायचं, हे ठरू शकतं.

कारण वरवर शांत दिसणाऱ्या पहाटेच्या पोटात एक धोका असतो. गार हवेच्या थरामुळे खाली पानही हलत नसतं, पण तीनशे मीटरवर वारा ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने धावत असू शकतो. सूर्य वर आला, जमीन तापली, की खालची हवा वर उसळते आणि वरचा वेगवान वारा खाली उतरतो. सात वाजता ज्या शेतावरून अलगद उचललं, तसल्याच शेतात साडेनऊला उतरताना टोपली जमिनीवरून फरफटत जाते. म्हणून सूर्योदयाच्या आगेमागे उडायचं आणि दोनेक तासांत खाली यायचं. जमिनीवर ताशी पंधराएक किलोमीटरच्या वर वारा असेल, तर बहुतेक वैमानिक फुगा उलगडतही नाहीत. तुलनेला, हवामान आधारित फळपीक विम्यात केळीच्या भरपाईसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. जो वारा केळीचं पान फाडण्यापलीकडे काही करत नाही, त्यातही बलून जमिनीवरच थांबतो.

आता उचलण्याच्या ताकदीचं गणित. ते खानदेशात फार बोलकं आहे. फुग्यातली हवा सरासरी १०० अंशांवर ठेवली आणि बाहेर जळगावची १० अंशांची पहाट असली, तर दर घनमीटरमागे साधारण २९० ग्रॅम उचल मिळते. बाहेर ४५ अंश असतील, तर तीच उचल १६० ग्रॅमवर येते. तीन हजार घनमीटरचा फुगा धरला, तर थंडीत तो ८७० किलो उचलेल आणि वैशाखातल्या दुपारी ४८० किलो. कापड, टोपली, बर्नर आणि गॅसची नळकांडी मिळूनच साडेतीनशे किलोच्या पुढे जातात. म्हणजे जानेवारीत पाच-सहा माणसं सहज जातील, तिथे मेच्या दुपारी एकट्या वैमानिकालाच जागा उरते. बर्नर आणखी पेटवून भागत नाही, कारण साधारण १२० अंशांच्या पुढे नायलॉनचं कापड खराब होऊ लागतं.

ही थंडीची करामत महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००५ च्या सकाळी विजयपत सिंघानिया मुंबईतून, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून, गरम हवेच्या बलूनमधून निघाले. वय ६७. सुमारे बावीस मजल्यांइतका उंच फुगा आणि त्याखाली हवाबंद कुपी. ते २१,०२७ मीटरपर्यंत पोहोचले आणि पेर लिंडस्ट्रँड यांचा १९८८ मधला १९,८११ मीटरचा विक्रम त्यांनी मागे टाकला. त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या सोळाव्या हिश्श्याइतकीच दाट असते, त्यामुळे घनमीटरमागे उचल मिळते ती तीसेक ग्रॅमची. एवढा अवाढव्य फुगा लागला तो त्यासाठी. आणि बाहेरची हवा शून्याखाली साठेक अंश असल्यामुळेच ते तीस ग्रॅम तरी पदरात पडतात. उतरले ते सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावात. मुंबईहून ईशान्येला, म्हणजे वारा नेईल तिकडे. तिथून चांदवड, मालेगाव ओलांडलं की आपला धुळे जिल्हा लागतो. विक्रमाची बातमी आली तेव्हा आकड्यांपेक्षा मला भावलं ते हे, की एवढं यंत्रबळ पाठीशी असूनही उतरायचं गाव वाऱ्याच्या कलाने ठरलं.

खानदेशात वर्षभराचं पंचांग मांडलं, तर उडण्याजोगे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. फाल्गुन-चैत्रात अवकाळी सुरू होतो. ढग वीस-तीस किलोमीटरवर गडगडत असतो आणि त्याचा गार झोत आधीच येऊन पोहोचतो. आपल्याकडे त्याला वावधन म्हणतात. उभी बाग आडवी करणाऱ्या त्या झोतापुढे टोपलीतला माणूस काहीच करू शकत नाही. पुढे वैशाखात वावटळी उठतात. पावसाळ्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या गरगरत असतात, तेव्हा बलूनचा विचारही नको. दिवाळीच्या सुमाराला आभाळ निवळतं, पण काळी जमीन अजून ओली असते. बलूनच्या मागे रस्त्याने धावणारी जीप कपाशीच्या शेतात रुतली, की बैलजोडीच बोलवावी लागायची.

हिवाळ्यातही धुक्याला भ्यायला हवं. ३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ बलून धुक्यात आणि खाली उतरलेल्या ढगांत असताना उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर आदळला. १६ जण गेले, एकही वाचला नाही. आपल्याकडे शेतपंपांच्या तारा वावरावावरांतून गेल्या आहेत आणि रात्री पाणी दिलेल्या बागांवर पहाटे धुकं साचतं. खाली तार आहे की बांध, हे दिसत नसेल तर उडूच नये. समोर पैसे भरलेले पाहुणे उभे असताना ‘आज नाही’ म्हणू शकणारा वैमानिकच मला खरा वैमानिक वाटतो.

उतरताना त्याला जमिनीलगतचा वारा कळावा लागतो आणि तिथे कुठलं यंत्र नसतं. मग तो टोपलीतून वाकून धूर शोधतो, चुलीचा किंवा शेकोटीचा. तापीकाठी पौषातल्या पहाटे तो शोधावा लागायचा नाही. रात्रभर जागलेल्या केळीवाल्यांनी बांधाबांधावर पेटवलेला कचरा अजून धुमसत असतो आणि प्रत्येक बागेवरून धुराची एकेक रेघ वारा वाहतो तिकडे कललेली दिसते.