बॅटरीचा लाल लाइट लागला? अल्टरनेटर उतरवण्याआधी हे तपासा

चार्जिंगवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, बॅटरीचा लाइट लागला म्हणजे अल्टरनेटर गेला, बरोबर ना?" नाही. आणि हे उत्तर मी कसं शिकलो ते आधी सांगतो, कारण त्यात माझेच पैसे गेलेत.

दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे भाजी घेऊन वाशीला जाणारे एक मामा आले. १२ व्होल्टचा, चौदा फुटी ट्रक. तक्रार अशी की रात्री लाइट मिणमिणतो आणि सकाळी सेल्फ मारत नाही. मी फार विचार केला नाही. अल्टरनेटर बदलला, इंजिन चालू केलं, लाइट गेला. बिल घेतलं. तिसऱ्या रात्री खंबाटकी घाटाच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागे कोथिंबीर भरलेली. बाजाराला पोहोचेपर्यंत भाव गेलेला. दुसऱ्या दिवशी मामा येऊन एवढंच म्हणाले, "लाइट गेला म्हणाला होतास की रं."

दोष अल्टरनेटरमध्ये नव्हताच. अल्टरनेटरची जाड वायर सेल्फच्या मोठ्या नटावर येते, तिथला लग आतून जळून काळा पडला होता. पाच मिनिटांचं काम आणि थोडक्या पैशांचा लग. मी मामांना अल्टरनेटरचे पैसे परत दिले. बीबीएमध्ये कॉस्टिंगचा अख्खा पेपर होता, पण चुकीच्या निदानाची कॉस्ट मला त्या दिवशी कळली.

लाइट नक्की काय सांगतो?

साध्या वायरिंगच्या गाडीत चावी ऑन केली की बॅटरीचा करंट या बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरकडे जातो. म्हणून बल्ब पेटतो. इंजिन फिरलं, अल्टरनेटर वीज तयार करू लागला, की बल्बच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखा व्होल्टेज येतो आणि बल्ब विझतो. म्हणजे लाइट सांगतो फक्त एवढंच की दोन बाजूंमध्ये फरक आहे. कोणता पार्ट खराब आहे हे तो सांगत नाही. ते आपण शोधायचं. नव्या गाड्यांत हा लाइट ईसीएम लावतो, तिथे स्कॅनरही लागतो. पण पुढची मोजमापं तिथेही करायचीच.

तपासणीचा क्रम

१. चावी ऑन, इंजिन बंद. लाइट लागलाच पाहिजे. लागत नसेल तर ड्रायव्हर खूश असतो, तुम्ही होऊ नका. बल्ब उडालाय, फ्यूज गेलाय किंवा बारीक वायर तुटलीय. अशा वेळी बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करत नाही.

२. बेल्ट. इंजिन बंद करून हाताने बघा. ढिला आहे का, गुळगुळीत झालाय का, त्यावर ऑइल आहे का? बेल्ट तुटला असेल तर गाडी पुढे न्यायला सांगू नका. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो, इंजिन तापतं. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असतो. तो थांबला की ब्रेक कडक होतो. घाटात हे जिवावर बेतू शकतं.

३. बॅटरी, इंजिन बंद असताना. गाडी काही तास उभी असेल तर चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीचं बघा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर ते आधी साफ करा. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या ट्रकला हे आकडे दुप्पट धरा, आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक चांगली, एक मेलेली असं फार वेळा निघतं.

४. इंजिन चालू, थोडी रेस. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर कटआउट संशयित. अशी गाडी बॅटरी उकळवते आणि बल्ब उडवते.

५. आता लोड लावा. मी इथेच चुकलो होतो. दुकानात दुपारी सगळं बंद ठेवून बघितलं, तेव्हा सगळं ठीकच दिसणार. खराब जोडाचा दोष करंट वाढला की बाहेर येतो. हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू करा आणि दोन मोजमापं घ्या. एक, मीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसरा बॅटरीच्या प्लसवर. दोन, अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस. पहिल्यात ०.३ आणि दुसऱ्यात ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की वायर, लग, फ्यूज, अर्थ पट्टी तपासा. मामांच्या गाडीत पहिला आकडा २.२ आला होता. अल्टरनेटर १४.४ देत होता, बॅटरीपर्यंत पोहोचत होते १२.१!

६. अल्टरनेटरवरच व्होल्टेज कमी असेल तर. साध्या वायरिंगच्या गाडीत लाइटची बारीक वायर काढून चावी ऑन करा. लाइट तरीही पेटलेला राहिला तर ती वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. विझला तर बघायचं अल्टरनेटरच्या आत: कार्बन झिजलेत का, कटआउट गेलंय का, डायोड उडालाय का. इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर करा आणि बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर डायोडवर संशय घ्या. मागे व्हॅक्यूम पंप असेल तर ऑइल सील गळून कार्बन भिजलेत का तेही बघा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "गाडी बंद पडते का" बघायची जुनी सवय काही जणांना अजून आहे. त्या झटक्यात व्होल्टेज एकदम वर जातो. कटआउट, डायोड, ईसीएम, काहीही जाऊ शकतं आणि भरपाई तुमच्या गल्ल्यातून होते.

आता धंद्याचं बोलू

या सगळ्याला सराव झाला की वीस मिनिटं लागतात. लागतो एक बरा मल्टिमीटर. मी त्या प्रसंगानंतर तीन नियम केले.

पहिला, तपासणीचे पैसे वेगळे घेतो आणि आधी सांगतो. काम आमच्याकडे केलं तर ते बिलात वळते करतो. तपासणी फुकट केली की पार्ट विकायचा मोह होतो, तो माझ्यातही होता.

दुसरा, एका छापील कागदावर कामाआधीचे आणि कामानंतरचे आकडे लिहितो. कामानंतरचा आकडा लोड लावूनच. एक प्रत गिऱ्हाइकाला.

तिसरा, काढलेला पार्ट गिऱ्हाइकासमोर ठेवतो.

सुरुवातीला वाटलं, एवढ्याशा लगसाठी कोण पैसे देणार? देतात. ट्रकवाल्याला स्वस्त काम नको असतं, रात्री रस्त्यात थांबायला लागू नये एवढंच हवं असतं. मामा वर्षभर आले नाहीत. मग एक दिवस त्यांनी पुतण्याची गाडी पाठवली. पुतण्या उतरल्या उतरल्या म्हणाला, "काकांनी सांगितलंय, आधी मीटर लावायला सांग."

तुम्ही दुकान टाकायच्या विचारात असाल तर या आठवड्यात ओळखीच्या पाच गाड्यांची ही सहा मोजमापं घ्या आणि वहीत लिहा. काही आकडा विचित्र आला तर कमेंटमध्ये टाका, आपण मिळून बघू. भेटूया पुढच्या व्हिडिओत.