नकाशाखालचा आकडा : व्हिक्टोरियन काळातील घरे आणि त्यांचा बांधकाम खर्च

पुंडलिकनगरातील कोणत्याही गल्लीतून चालत जावे, एक दृश्य हमखास दिसते. घरात माणसे राहावयास आलेली असतात, दारावर नावाची पाटी लागलेली असते, अंगणात मुले खेळत असतात. परंतु बाहेरच्या भिंतींना गिलावा नसतो आणि गच्चीवरील खांबांतून लोखंडी सळया तशाच उघड्या उभ्या असतात. त्यांतील काही सळया वरच्या मजल्याच्या आशेने राखलेल्या असतात हे खरे. पण पुष्कळ घरांत त्यांचा अर्थ एवढाच असतो की, घर पूर्ण होण्याआधी पैसा संपला. अशा कुटुंबांशी बोलताना आम्हांस पुनःपुन्हा एकच वाक्य ऐकावयास मिळते : ‘‘सांगितले होते एक, आणि झाले भलतेच.’’ त्या फरकापायी कोणाचे दागिने गहाण पडतात, कोणाच्या मुलीचे शिक्षण एक वर्ष मागे पडते.

हे दुखणे आजचे नाही. नकाशा आणि त्याखाली छापलेला खर्चाचा आकडा ही जोडी सर्वसामान्य माणसाच्या हाती मोठ्या प्रमाणावर आली ती राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या (१८३७ ते १९०१) अखेरच्या तीस वर्षांत. तो आकडा कसा काढला जाई, त्यात काय धरले जाई आणि काय वगळले जाई, हे समजून घेतले तर आपल्या हातातील अंदाजपत्रकही नीट वाचता येईल, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

टपालाने आलेले घर

अमेरिकेत पॅलिसर बंधूंच्या कंपनीने १८७६ साली सामान्य लोकांसाठी घरांच्या नमुन्यांचे एक पुस्तक काढले. किंमत अवघी २५ सेंट. पुढे जॉर्ज बार्बर या वास्तुरचनाकाराने १८८८ साली टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल गावी बस्तान बसविले आणि घरांचे नमुने पुस्तकरूपाने छापून टपालाने नकाशे विकण्याचा मोठा व्यवसाय उभा केला. ग्राहकाने पुस्तकातील चित्र निवडावे, ‘‘स्वयंपाकघर थोडे मोठे हवे, ओसरी दोन्ही बाजूंनी हवी’’ असे पत्रातून कळवावे आणि त्याप्रमाणे दुरुस्त केलेले नकाशे घरपोच मागवावेत, अशी ही पद्धत होती. चित्राजवळ बांधकामाच्या खर्चाचा अंदाजही दिलेला असे.

ही घरे देखणी होती. कोपऱ्यावर मनोरा, पुढे आलेल्या खिडक्या, नक्षीदार लाकडी खांब, घराला वळसा घालणारी ओसरी. यंत्रावर कापलेले लाकूड आणि ते गावोगाव पोहोचविणारी रेल्वे यांमुळे पूर्वी श्रीमंतांनाच परवडणारी नक्षी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. परंतु छापलेला आकडा एका विशिष्ट गावाचा आणि एका विशिष्ट वर्षाचा असे. लाकूड, वीट, मजुरी यांचे दर गावागणिक निराळे असत. शिवाय त्या आकड्यात जमिनीची किंमत नसे. चित्र मात्र कोठेही तेवढेच मोहक दिसे.

घनफुटाचा हिशेब

इंग्लंडात त्या काळी घराच्या खर्चाचा पहिला अंदाज घनफुटावर काढीत. घराची लांबी, रुंदी आणि पायापासून छपराच्या मध्यापर्यंतची उंची यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास दर घनफुटाच्या दराने गुणावयाचे. समजा, घर ४० फूट लांब, ३० फूट रुंद आणि २० फूट उंच आहे. एकूण २४,००० घनफूट झाले. दर घनफुटास ६ पेन्स धरले तर खर्च ६०० पौंड. आता छत केवळ दोन फुटांनी उंच केले, तर २,४०० घनफूट वाढतात आणि खर्च ६० पौंडांनी, म्हणजे दहा टक्क्यांनी चढतो.

आपल्याकडे आज ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतात. या पद्धतीत उंची दिसतच नाही. दोन घरांचे क्षेत्रफळ सारखे असले तरी एकाची भिंत दहा फुटांची आणि दुसऱ्याची बारा फुटांची असू शकते. विटा, गिलावा आणि रंग मात्र भिंतीच्या मापाने लागतात.

घनफुटाच्या पद्धतीतही एक उणीव होती. घराचा आकार तिला कळत नसे. ३० बाय ४० फुटांचे घर घ्या. क्षेत्रफळ १,२०० चौरस फूट, बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी १४० फूट. आता २० बाय ६० फुटांचे घर घ्या. क्षेत्रफळ तेवढेच, पण भिंत १६० फूट. म्हणजे जागा एक इंचही न वाढता बाहेरची भिंत वीस फुटांनी वाढली. बार्बरच्या नमुन्यांतील मनोरे आणि वळणे मोहक होती, पण प्रत्येक जादा कोपरा गवंड्याचा वेळ आणि मालमसाला खात असे. अरुंद, लांबट भूखंडांवर घर बांधणाऱ्यांनी हा साधा हिशेब अवश्य ध्यानात ठेवावा.

म्हणूनच मोठ्या कामांत केवळ घनफुटावर विसंबत नसत. पायाची खोदाई किती, दगडकाम किती, लाकूड किती, अशी प्रत्येक बाब मोजून परिमाणांची यादी तयार केली जाई. आपल्याकडील सार्वजनिक बांधकाम खात्यानेही हाच मार्ग धरला. वाळू आणि मुरूम आपण अजून ज्या ‘ब्रास’मध्ये विकत घेतो, तो ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळूचा ट्रक दारात उभा राहिला की, आपण नकळत त्या जुन्या फुटांच्या हिशेबातच व्यवहार करीत असतो.

गणेशखिंडीचा धडा

अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतील दरीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्यात उभे आहे. मुंबईच्या गव्हर्नरांसाठी गणेशखिंड येथे निवासस्थान बांधण्यास १८६४ साली प्रारंभ झाला. सर बार्टल फ्रिअर त्या वेळी गव्हर्नर होते आणि वास्तुरचना जेम्स ट्रबशॉ यांची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच राहिले. १८७१ साली ते पूर्ण झाले तेव्हा खर्च सुमारे १,७५,००० पौंडांवर गेला होता आणि त्यावर कडक टीकाही झाली.

त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे साडेसतरा लाख रुपये होते. पुढे १८७८ ते १८८८ या काळात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बांधलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या मुख्य इमारतीचा खर्च सोळा लाखांच्या आसपास होता. एका अधिकाऱ्याचे घर रेल्वेच्या त्या भव्य वास्तूच्या तोडीस तोड महाग पडले! गणेशखिंडीची ती वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. वास्तू सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु भरभराटीच्या दिवसांत आखलेले घर मंदीच्या दिवसांत पुरे करावे लागले, हा तिचा धडा लहान घरालाही लागू पडतो.

रुपया, रेल्वे आणि कौले

घराचा खर्च केवळ बांधणाऱ्याच्या हातात नसतो. १८७०च्या सुमारास एक पौंड म्हणजे सुमारे दहा रुपये होते. चांदीचे भाव घसरत गेले आणि शतकाच्या अखेरीस एक पौंड पंधरा रुपयांवर स्थिरावला. विलायतेहून येणारी लोखंडी तुळई तीच, तिची पौंडांतील किंमत तीच, पण येथे तिला दीडपट रुपये मोजावे लागत. सिमेंटही परदेशातूनच येत असे. भारतात त्याचे उत्पादन पोरबंदर येथे १९१४ साली सुरू झाले. त्यामुळे सामान्य बांधकाम चुन्यावरच चाले. बैलाच्या घाणीत चुना मळावयाचा आणि तो सावकाश घट्ट होऊ द्यावयाचा. घर उठण्यास वेळ लागे.

आपले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. येथे चालणारा हाली रुपया आणि ब्रिटिश हद्दीतील कलदार रुपया निराळे. पुढे स्थिरावलेल्या दराने सहा कलदार म्हणजे सात हाली. अंदाज कोणत्या रुपयात केला, हेही विचारावे लागे. शहरास रेल्वे मिळाली ती १९००च्या सुमारास, मनमाडहून निघालेल्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेमुळे. तोपर्यंत जवळचे महत्त्वाचे स्थानक म्हणजे नांदगाव. तेथून पुढचा मार्ग टांग्याचा आणि बैलगाडीचा. दूरचा माल आणावयाचा तर गाडीभाडे आलेच.

म्हणूनच मराठवाड्यातील सामान्य माणूस माळवदाचे घर बांधी. जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे सपाट छत. सामग्री जवळची, कारागीर गावातले, आणि उन्हाळ्यात घर थंड. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छताची डागडुजी करावी लागे, हा त्याचा खरा खर्च होता. कोकणपट्टीत साध्या कौलांना दरवर्षी शाकारणी लागे. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि सपाट, एकमेकांत अडकणारी कौले बाजारात आली. ती विकत घ्यावी लागत, पण दरवर्षीचा उपद्व्याप कमी करीत. पहिला खर्च कमी की वर्षानुवर्षांचा खर्च कमी, हा प्रश्न तेव्हाही होता.

छावणीतील बंगल्यांचा थाट वेगळा. गंमत अशी की, ‘बंगला’ हा शब्द बंगालच्या घरांवरून इंग्रजांनी उचलला आणि १८७०च्या सुमारास इंग्लंडच्या समुद्रकाठी वेस्टगेट आणि बर्चिंग्टन येथे तशी घरे बांधली. इकडे बंगला म्हणजे केवळ मुख्य इमारत नव्हे. वेगळे स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या, तबेला, विहीर आणि कुंपण हे सारे त्यासोबत येई.

जिन्याची शहाणी रचना

याच काळात मुंबईतील कॅथलिक कुटुंबांनी मात्र ऐपतीला शोभेल असा मार्ग काढला होता. गिरगावातील खोताची वाडी आणि वांद्र्यातील जुनी गावठाणे येथे तो आजही पाहावयास मिळतो. पूर्वापार उत्तर कोकणात राहणाऱ्या या समाजाने १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यांची घरे दुमजली, लाकडी सज्ज्यांची, पुढे मोकळी ओसरी असलेली. पुष्कळ घरांचा जिना बाहेरून असतो. त्यामुळे वरचा मजला स्वतंत्र होतो. तेथे लग्न झालेला मुलगा राहू शकतो किंवा भाडेकरू ठेवता येतो. घराने स्वतःच्या खर्चाचा काही भार स्वतः उचलावा, असा त्यामागील हिशेब दिसतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि घराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वांद्र्याच्या गल्ल्यांत त्या साथीच्या आठवणीचे क्रूस अजून उभे आहेत. कोंदट खोल्यांत माणसे मरतात, हे सरकारला पटले आणि १८९८ साली मुंबईत सुधारणा न्यास स्थापन झाला. इंग्लंडात १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर रुंद रस्ते आणि घरामागील मोकळी जागा यांचे नियम आले होतेच. उजेड आणि वारा यांसाठी सोडलेली जागा अंदाजपत्रकात तोट्याची दिसते, पण ती वाचविली तर दवाखान्यात पैसे भरावे लागतात.

आपल्या हातातील कागद

आता पुन्हा पुंडलिकनगरात येऊ. या परिसरात गुंठेवारी हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक आहे. आपल्या हाती दिलेल्या नकाशाखाली एक आकडा लिहिलेला असतो. त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवितो. हा दर कोणत्या महिन्याचा आणि किती दिवस टिकणारा? भिंतीची उंची किती धरली? पाया किती खोल? आपल्याकडे कोठे चार फुटांवर मुरूम लागतो, तर कोठे काळी माती खाली उतरत जाते. पाण्याची टाकी, बोअर, सांडपाण्याची नळी, विजेची जोडणी, कुंपण, नियमितीकरणाचे शुल्क यांपैकी काय आत आहे आणि काय बाहेर? कर्जाचे व्याज घर पूर्ण होण्याआधीच सुरू होणार असेल, तर ते कोणत्या रकान्यात लिहिले?

उत्तर तोंडी घेऊ नये, लिहून घ्यावे. बाबवार यादी मागावी. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर तोच इशारा समजावा. आणि पैसा कमी असेल तर सगळे घर अर्धवट उभे करण्याऐवजी अर्धे घर पूर्ण करावे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-मोरी गिलाव्यासह पुरी करावीत. जिन्याची जागा मात्र पहिल्या दिवशीच अशी सोडावी की, उद्याचा मजला घरातून न जाता वर चढेल. खोताच्या वाडीतील शहाण्या माणसांनी हेच केले होते.

आमच्याच देशातील एक अभियंते, आर. एस. देशपांडे यांनी १९३५ साली मध्यमवर्गीयांसाठी स्वस्त आणि आरोग्यदायी घरांचे पुस्तक लिहिले. स्वस्त आणि आरोग्यदायी हे दोन शब्द त्यांनी एकत्र ठेवले, याचे आम्हांस मोल वाटते. लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यातील बसून हिशेब करण्याचा सल्ला कोणाला हसू येऊ नये एवढ्यापुरता नाही. हिशेब चुकला तर भोगतात ती घरातील माणसे : गहाण पडलेले दागिने, थांबलेली शाळा, पावसात गळणारी भिंत. नकाशा हातात घेण्यापूर्वी एक संध्याकाळ घरातील सर्वांनी एकत्र बसावे, गृहिणीसही विचारावे आणि कागदावर आकडे मांडावेत. त्या एका संध्याकाळीस काही खर्च लागत नाही.