सर्व्हरची चावी कुठे ठेवावी?

चाकणच्या मोटार कारखान्यातले सुट्या भागाचे ड्रॉइंग भोसरीच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत हातोहात फिरते. त्याच्या कोपऱ्यात कोणी तिजोरीचा नंबर लिहील का? प्रोग्रॅममध्ये मात्र असे घडते. वेब सर्व्हरला माहितीसाठा उघडायला पासवर्ड लागतो. तो प्रोग्रॅममध्येच लिहिला, तर प्रोग्रॅमची प्रत जाईल तिथे तोही जातो. नंतर खोडला, तरी जपून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्यांत उरतोच. चाकणला जिच्या मोटारी जोडल्या जातात, त्या मर्सिडीज-बेंझच्या एका कर्मचाऱ्याकडून २०२३ मध्ये अशी एक चावी गिटहबवर उघडी राहिली. कंपनीचे अंतर्गत प्रोग्रॅम तिने उघडत होते! जानेवारी २०२४ मध्ये हे उजेडात आले आणि चावी रद्द झाली.

म्हणून गुप्त मूल्ये सर्व्हर सुरू करतानाच बाहेरून देतात. युनिक्समध्ये १९७९ पासून त्यासाठी सोय आहे. सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला नावे व मूल्ये यांची एक यादी मिळते. तिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. पासवर्ड सुरू करण्याच्या आज्ञेतच लिहिला तर? लिनक्सवर ‘पीएस’ म्हटले, की त्याच यंत्रावरच्या इतरांनाही तो सहसा दिसतो. यादी मात्र प्रोग्रॅम चालवणारा आणि मुख्य व्यवस्थापक यांनाच वाचता येते. अर्थात, सर्व्हरने पुढे सुरू केलेल्या प्रोग्रॅमांनाही ती आपोआप वारशाने मिळते.