सागाचा हिशेब, दहा हजार वेळा
भोपाळच्या नेहरू नगरात भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे, १९८२ सालची. वन व्यवस्थापन या विषयात जोखीम मोठी. शेतात आज लावलेल्या सागाचे पैसे यायला २०-२५ वर्षं लागतात. तोवर पाऊस, कीड, भाव कसे राहतील? नुसत्या सरासरीवरचा हिशेब इथे फसवा ठरतो. त्याऐवजी मॉन्टे कार्लो पद्धतीत संगणक प्रत्येक अनिश्चित गोष्टीसाठी शक्यतेच्या मर्यादेतला एक आकडा उचलतो, नफा काढतो आणि हेच १०,००० वेळा करतो. (गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम यांना ही कल्पना १९४६ मध्ये, आजारपणात पत्ते लावताना सुचली.) १,८०० वेळा तोटा आला, तर तोट्याची शक्यता १८ टक्के. पण दुष्काळात वाढ खुंटते आणि वणवेही पेटतात. ही जोडी मॉडेलमधून सुटली, की धोका सहसा कमी दिसतो.